तुझ्या नावावरच्या बातम्या

१४ सप्टेंबर २०२५
डब्लिन, ओहायो

प्रिय नकुल,

इतके दिवस लिहिलं नाही, त्याबद्दल माफ कर. 'इतके दिवस' हेही मी सौम्य करून लिहिते आहे. गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यापासून तुझ्या-माझ्यात एक शब्द नाही. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू सांगितलंस की मेलबर्नची नोकरी सोडली आणि बेंडिगोला वृद्धाश्रमात काम धरलं. त्यावर बाबा बोलले आणि तू फोन ठेवलास. मी त्याच चौकोनांपैकी एका चौकोनात बसले होते.

मेसेज लिहिले आणि पुसले. मोबाइलवर पाठवलं की तू वाचलंस ते दिसतं, वाचून उत्तर दिलं नाहीस तेही दिसतं. ते बघायची माझी तयारी नव्हती. कागदाचं तसं नाही. यात मी सोय माझी बघितली आहे, तुझी नाही, हे मला कळतं.

पत्ता शैलामावशीकडून घेतला. "पत्ता घेऊन काय करणार आहेस?" तिने विचारलं. मी म्हटलं, पत्र लिहिणार. "बरं," म्हणाली. आईची बहीणच ती, तिच्या 'बरं'मध्ये काय काय असतं ते तुला माहीत आहे.

बाबा फेब्रुवारीपासून आमच्याकडे आहेत, कायमचे. त्यांच्या डोळ्यांचं मात्र मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. दोन्ही डोळ्यांत मधलं दिसायचं गेलं आहे, कडेचं दिसतं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघतात, कारण तसं केलं तरच मी त्यांना थोडीफार दिसते. घरात फिरतात, चहाचा कप बरोबर उचलतात, पण अक्षर वाचता येत नाही. नागपूरच्या पेपरात जिल्ह्याचं पान सांभाळलेला माणूस, आणि सकाळी हातात पेपर नाही. पहिले काही आठवडे ते चहा घेऊन नुसते टेबलाशी बसायचे. मला बघवेना.

म्हणून मी रोज सकाळी मोबाइलवरून बातम्या वाचून दाखवायला लागले. आधी इथल्या वाचून बघितल्या. श्रीरंगच्या कंपनीत कपात चालली आहे. तसली बातमी निघाली की तुझे भाऊजी खुर्ची मागे सारतात आणि गराज आवरायला जातात. आमचं गराज सध्या फार स्वच्छ आहे. भारतातल्या बातम्यांनी बाबांचं बीपी वाढतं. उरला ऑस्ट्रेलिया.

आता आमच्या टेबलावर रोज ऑस्ट्रेलिया असतो. सिडनीचे काकाकुवे कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडतात ही बातमी बाबांनी दोनदा वाचून घेतली.

"लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या," मी वाचलं. "काकाकुवे विटा ढकलून देतात."

"मग लोकांनी काय केलं?"

"दोऱ्या बांधल्या, बूट अडकवले, काय काय केलं."

"म्हणजे सामना चालूच आहे अजून," बाबा म्हणाले. मग, "चौकटीत घ्या. पहिलं पान, खाली उजवीकडे."

चौकटीत म्हणजे पानावर आखलेल्या चौकोनात, गमतीच्या बातमीची जागा. तू लहानपणी गाईला दोन शेपट्या असल्याची बातमी आणली होतीस, ती त्यांनी खरंच चौकटीत छापली होती, आठवतं?

निधी आता सतरा वर्षांची आहे. ती म्हणाली, "आजोबा, कॉकटूज आर स्मार्टर दॅन अवर एचओए." म्हणजे आमच्या वस्तीची कमिटी. बाबांना कमिटी कळली, आणि ते हसले.

तुमच्याकडे मत दिलं नाही तर दंड होतो आणि दिलं तर केंद्राबाहेर पावात सॉसेज मिळतं, हेही झालं. "विकत मिळतं, बाबा, फुकट नाही." तर म्हणतात, "आपल्याकडे मत द्यायच्या आधी खाऊ घालतात. यांच्याकडे काम झाल्यावर आणि पैसे घेऊन. शिकण्यासारखं आहे."

ऐकायला छान वाटतं ना? मलाही वाटायचं. या गप्पांत तुझंही नाव निघतं. कसं निघतं ते आज लिहीत नाही. बसले होते तेच लिहायला, आणि काकाकुव्यांवर दोन पानं घालवली.

तुझी,
ताई

५ ऑक्टोबर २०२५

प्रिय नकुल,

मागचं पत्र तुला पोचलं की नाही माहीत नाही. पोचलं असेल तर अर्धवट पोचलं आहे.

बाबांचा तो नियम. जेवताना आपण काही सांगितलं की आधी विचारायचे, "कोण सांगतो?" सांगणाऱ्याचं नाव नसेल तर बातमी रद्द. तू एकदा म्हणालास, सेमिनरी हिल्सवर बिबट्या आला आहे. "कोण सांगतो?" "सगळे सांगतात." "सगळे म्हणजे कोणीच नाही. वरण घे."

तर मार्चमध्ये मी पहिल्यांदा ती काकाकुव्यांची बातमी वाचली तेव्हा बाबांनी विचारलं, "कोण सांगतो?" मी वेबसाइटचं नाव सांगितलं. "वेबसाइट माणूस आहे का? कोणी बघितलं आपल्यापैकी?" आणि मी म्हटलं, "नकुल."

आधी ठरवलं नव्हतं, हे खरं आहे. पण तोंडातून निघाल्यावर ते मागे घ्यायला भरपूर वेळ होता, हेही खरं आहे. बाबांनी कप खाली ठेवला.

"नकुलचा मेसेज आला?"

"हो."

"ग्रुपवर?"

"नाही. मला."

"अजून काय म्हणतो?"

"एवढंच."

"बरं," म्हणाले, आणि दुसऱ्यांदा चहा मागितला. इथे आल्यापासून त्यांनी दुसऱ्यांदा काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायच्या आधीच ते टेबलाशी बसले होते. "बघ गं, काही आलं का त्याचं." मी बातम्या उघडल्या. कुणाच्या तरी छतातून अजगर स्वयंपाकघरात पडला होता. मी वाचलं, "ताई, ऐक ना, काल इथे काय झालं..."

तू असंच बोलतोस, 'ताई, ऐक ना' करत. हे मी वापरलं. बातमी इंग्रजीतून मराठीत आणताना मी ती तुझ्या मराठीत आणत गेले, आणि मला ते जमत गेलं. जमतं आहे याचा थोडा आनंदही व्हायचा. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण आनंद होत होता.

मी स्वतःला एक मर्यादा घालून घेतली होती. तुझ्या नावाने फक्त बातम्या सांगायच्या. तू बाबांची चौकशी केलीस, तुला आठवण आली, असं काही नाही. प्राणी, निवडणुका, पुतळे. एका गावात फायबरचा महाकाय कांदा आहे आणि त्याला पांढरा रंग द्यायचा की जांभळा, यावरून गावसभा मोडली, ते सांगितलं. बाबा म्हणाले, "लासलगावला कळवा." त्यात कुणाचं नुकसान नाही, असं मी धरून चालले होते. तुझं नाव मी तुला न विचारता रोज सकाळी वापरते आहे, हे नुकसानात मोजलंच नव्हतं.

निधीला मे महिन्यातच कळलं. तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं होतं. शाळेत सोडायला निघाले तर गाडीत म्हणाली, "आई, दॅट वॉज अ न्यूज साइट. मामाचा मेसेज कुठेय?"

"मामा बिझी असतो गं."

"सो यू आर मेकिंग हिम अप?"

"बातम्या खऱ्या आहेत, निधी."

"यू आर कॅटफिशिंग आजोबा." म्हणजे दुसऱ्याच्या नावाने मेसेज करून फसवणं. मग शाळा येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. उतरताना म्हणाली, "मला वाचायला सांगू नकोस हं. आय वोन्ट डू इट."

एकदा बाबांनी तिला सांगितलं, "आज तू वाच बेटा मामाचा मेसेज, तुझी आई फार घाईत वाचते." ती म्हणाली, "आजोबा, माझं मराठी रीडिंग बॅड आहे." तिचं वाचन चांगलं आहे. रविवारच्या मराठी शाळेत इतकी वर्षं घातली आहेत. माझ्यामुळे तिला आपल्याला येत नाही असं सांगावं लागलं.

सध्या तुमच्याकडे मॅग्पायचा मोसम चालू आहे ना? तो काळा-पांढरा पक्षी घरट्यापाशी कुणी आलं की डोक्यावर झडप घालतो आणि सायकलवाले हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या खोचून फिरतात, तेही तुझ्या नावावर सांगून झालं. बाबा म्हणाले, "नकुल सायकलने जातो का कामाला? विचार त्याला." मी विचारते म्हटलं. आता इथे विचारते आहे. जातोस का?

ताई

२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय नकुल,

दिवाळी झाली. निधीने कंदील केला, मी चकल्या केल्या, त्या मऊ पडल्या.

बाबा ऑगस्टमध्ये बाथरूममध्ये पडले होते, ते मी आधी लिहिलं नाही. हाड मोडलं नाही. तेव्हापासून आठवड्यातून तीन सकाळी एकनाथजी म्हणून नेपाळी गृहस्थ त्यांना आंघोळ घालायला येतात. माझ्याच वयाचे असतील. इथे कोलंबसच्या आसपास नेपाळी लोक बरेच आहेत. नरकचतुर्दशीला त्यांचा दिवस होता. मी तेल आणि उटणं काढून दिलं, बाथरूमच्या बाहेर उभी राहिले. आत दोघं हिंदीत एकमेकांना आपापल्या गावच्या दिवाळ्या सांगत होते.

बाबांनी तुझ्यासाठी एक निरोप माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड केला आहे. तो मी तुला पाठवलेला नाही. पाठवावा की नाही ते ठरत नाही. त्याचं कारण बाबा नाहीत, मी आहे. आज याहून जास्त लिहिता येत नाही.

शुभ दीपावली म्हणायचं राहिलं.

ताई

९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नकुल,

तुझा मेसेज आला. मी किराण्याच्या रांगेत होते. पुढच्या बाईने मागे वळून विचारलं, यू ओके, हनी? मी म्हटलं, येस. मग रांग सोडून गाडीत जाऊन बसले.

"ताई, दोन्ही पत्रं मिळाली. सगळे मॅग्पाय हल्ला करत नाहीत. थोडेच करतात. माझ्या नावावर काही सांगू नकोस."

दीड वर्षानंतरचा तुझा पहिला शब्द 'ताई' होता याचा आनंद मी आधी करून घेतला. मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. तू ओरडला असतास तर मी स्वतःची बाजू मांडली असती. तू फक्त नको म्हणालास. आणि तुझं 'नको' यायला उशीर झाला होता. तुझा दोष नाही, पोस्टाचाही नाही. तू नको म्हणेपर्यंत चालेल, असं मीच धरलं होतं. तर मागच्या पत्रात जे लिहिता आलं नाही ते हे.

दिवाळीच्या त्या आंघोळीनंतर एकनाथजी गेले. बाबा खुर्चीत बसले होते, केस ओले, अंगाला उटण्याचा वास. मी त्यांचं डोकं पुसत होते. ते म्हणाले, "फार जपून घालतो गं आंघोळ. पाणी आधी हातावर घेऊन बघतो."

"हो."

"अवघड जागीसुद्धा काही वाटू देत नाही." मग, "नकुल हेच करतो नं तिकडे?"

मी हो म्हटलं. ते माझ्या कानाशेजारी बघत होते. गुढीपाडव्याला ते तुला काय म्हणाले होते ते आम्हा दोघांनाही त्या क्षणी आठवत होतं, शब्दन् शब्द. 'इंजिनीयर केलं ते परक्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धुवायला?' आत्या, काका, सगळे होते कॉलवर.

"काही आलं का त्याचं?" बाबांनी विचारलं. "बातमी नाही. दुसरं काही."

नकुल, मोबाइल माझ्या हातात नव्हता. तो चार्जिंगला होता, दुसऱ्या खोलीत. मी टॉवेल धरून उभी होते आणि म्हणाले, "आलंय. म्हणतो, बाबांवर माझा राग नाही. झालं ते झालं."

एवढ्या वर्षांत बाबांना रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. त्यांना रडायलाही जमत नव्हतं, खोकल्यासारखं काहीतरी येत होतं. मी पाणी आणायला गेले, आणि स्वयंपाकघरात उभी राहून मला काय वाटलं माहीत आहे? मी चांगलं काम केलं असं वाटलं. म्हाताऱ्या माणसाच्या छातीवरचा दगड उचलला, असं. हे तुला सांगायलाच हवं, कारण चूक केली तेव्हा ती चूक वाटलीच नव्हती.

परत आले तर म्हणाले, "तो फोन आण. त्याला उत्तर द्यायचं आहे. मी बोलतो, तू रेकॉर्ड कर." आणि ते बोलले. थांबत थांबत बोलले. मी समोर मोबाइल धरून बसले होते. मधे एकदा त्यांनी विचारलं, "चालू आहे नं?" मी म्हटलं, चालू आहे.

तो निरोप तुला पाठवला असता तर तुला वाटलं असतं, हे त्यांना आपणहून सुचलं. त्यांना वाटतंय ते तुझ्या मोठेपणाला उत्तर देत आहेत. दोन्हीकडे मीच. राग आहे की गेला, आणि गेला असेल तर ते कधी सांगायचं, हे तुझं होतं. तुझ्याकडे दुसरं काही आहे की नाही मला माहीत नाही, पण एवढं तुझं होतं. ते मी तुझ्या वतीने देऊन टाकलं, आणि दिल्याचं तुला कळवलंही नाही.

मी श्रीरंगला सांगितलं. तो म्हणाला, "आता राहू दे ना, ऋता. आनंदात आहेत ते. एट्टी वन आहेत. काय मिळणार सांगून?" मला त्याचं पटावं अशी फार इच्छा आहे. बाबा खरंच आनंदात आहेत. तुमच्याकडे मेलबर्नला घोड्यांच्या शर्यतीची सरकारी सुट्टी असते, त्यावर परवा त्यांनी अर्धा तास घेतला. "घोड्याला सुट्टी नाही, बघणाऱ्याला सुट्टी!" पण ते रोज विचारतात, नकुलचं उत्तर आलं का. बातम्यांच्याही आधी तेच. उत्तर आलं का. आणि मी म्हणते, तिकडे रात्र आहे. किती दिवस रात्र ठेवणार?

मी त्यांना सांगणार आहे. तू हे वाचशील तोवर सांगितलेलं असेल. हे लिहून ठेवते आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

ताई

२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय नकुल,

काल सांगितलं. त्याआधी रोज सकाळी ठरवत होते आणि रोज काहीतरी कारण काढत होते. आज एकनाथजी यायचे आहेत, आज बाबांना नीट झोप लागलेली नाही. काल कारण सापडलं नाही.

निधी टेबलाशी होती. मी तिला म्हटलं, तू वर जा. ती म्हणाली, "नो. आय वॉन्ट टु स्टे." राहिली.

बाबांनी विचारलं, "आलं का उत्तर?"

मी म्हटलं, "बाबा, उत्तर येणार नाही. तुमचा निरोप मी पाठवलेला नाही. आणि राग नाही वगैरे जे सांगितलं, ते नकुल म्हणाला नव्हता. मी म्हणाले होते."

"म्हणजे?"

"त्याचे मेसेज येतच नव्हते. मार्चपासूनचे सगळे माझे. बातम्या खऱ्या आहेत, पण त्या मी वाचत होते."

"काकाकुवे?"

"मी."

"तो कांदा?"

"तोही मीच."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरून हात फिरवला, काही सांडलंय का बघावं तसा, आणि अगदी हळू विचारलं, "मग मी माफी कोणाकडे मागितली?"

निधी रडायला लागली. बाबा तिच्याकडे वळले, "तुला माहीत होतं?"

"हो, आजोबा. सॉरी."

"तू नाही खोटं बोललीस. म्हणून तर वाचून नाही दाखवलंस. तुझं वाचन चांगलं आहे हे मला माहीत आहे. रविवारी मुलांना वाचून दाखवतेस ते ऐकलंय मी." मग माझ्याकडे. "काहून केलं असं, ऋता?"

मी म्हटलं, "तुम्ही दुसऱ्यांदा चहा मागितला म्हणून."

हे ऐकायला मूर्खासारखं वाटतं. पण खरं कारण एवढंच होतं, आणि त्या वेळी त्यापेक्षा मोठं काही सांगणं म्हणजे पुन्हा सजवणं झालं असतं.

"खरंच त्याचं काहीच नाही आलं?"

"एक आलंय. खरं. चार वाक्यं आहेत."

"वाच. जसंच्या तसं वाच."

मी वाचलं. सगळे मॅग्पाय हल्ला करत नाहीत, थोडेच करतात, तिथे त्यांचा चेहरा क्षणभर सैल झाला. माझ्या नावावर काही सांगू नकोस, हेही वाचलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." मग, "तो निरोप पुसून टाक. माझ्यासमोर. तो जे बोललाच नाही, त्याचं उत्तर आहे ते."

मी पुसला. पुसला गेला की नाही ते त्यांनी निधीला मोबाइल देऊन तपासून घेतलं. माझ्यावर भरवसा ठेवला नाही. बरोबरच आहे.

त्यात ते काय म्हणाले होते ते मी तुला सांगणार नाही. सांगावंसं फार वाटतं आहे. सांगितलं तर तुझं मन वळेल असंही वाटतं, आणि म्हणूनच सांगत नाही.

ताई

३० नोव्हेंबर २०२५

प्रिय नकुल,

आठवडाभर बाबा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. चहा एकदाच. थँक्सगिव्हिंगला घरी सगळे होते, बाबा सगळ्यांशी नीट बोलले, माझ्याशीही, पाहुण्यांशी बोलावं तसं. मला त्यातून सुटका नको आहे. पण सकाळी टेबलाशी त्यांच्यासमोर बसलं की लवकर उठायचं निमित्त शोधते, हेही खरं.

आज निधीने तिचा तिचा मोबाइल काढला आणि मला न विचारता वाचायला सुरुवात केली. तुमच्याकडे दहा डिसेंबरपासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची बंदी.

"कोण सांगतो?" बाबांनी विचारलं.

"न्यूज साइट, आजोबा. मामा नाही."

"चालेल. पुढे."

"सिक्स्टीनच्या खाली अकाउंटच नाही. थँक गॉड आय ॲम सेव्हन्टीन. अँड हिअर."

"आणि मुलं काय करणार म्हणे?"

"व्हीपीएन लावणार. किंवा पेरेंट्सचा फोन. ऑब्व्हिअसली."

"तुझ्या आईला आणि मामाला परीक्षेच्या दिवसांत रेडिओची बंदी होती. मी रेडिओ कपाटात कुलूप लावून ठेवायचो."

"मग?"

"मग काय. कपाटातून रेडिओ वाजायचा. किल्ली कोणाकडे होती ते मला अजून माहीत नाही."

मला माहीत आहे. तुझी गोष्ट आहे, तूच सांगशील तेव्हा सांग.

मग ते निधीला म्हणाले, "बेटा, कागद आण. आणि पेन."

मी उठले. "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. शब्दही बदलणार नाही."

"नको," म्हणाले. रागाने नाही. "तू मधे नको."

निधीने तिच्या वहीचा कागद आणि बॉलपेन दिलं. मी सिंकशी जाऊन भांडी घासायला लागले, पण दिसत होतं. कागद डोळ्यांच्या एका बाजूला धरून, मान वाकडी करून ते लिहायला लागले. 'प्रिय' लिहिलं. मग हात उचलला, आणि पुन्हा टेकवला तो त्याच 'प्रिय'वर. त्यावरच 'नकुल' लिहिलं. निधीने हळूच कागद वर सरकवला. पुढची ओळ त्या दोन्ही शब्दांवरूनच गेली. बॉलपेनची रेघ त्यांना दिसतच नव्हती. दोन-तीन कागद असे झाले.

"फार बारीक आहे हे," बाबा म्हणाले. "खोक्यावर पत्ता लिहायला ते जाड काळं असतं नं, ते पाहिजे. एका पानावर चार शब्द बसले तरी चालतील. पानं पुष्कळ आहेत."

निधी म्हणाली, "आय विल हेल्प विथ द लाइन्स, आजोबा. आय वोन्ट रीड."

"वाच बापा. तुझी काही भीती नाही," ते म्हणाले, आणि ते मला ऐकू जावं असंच म्हणाले.

ते काय लिहिणार आहेत मला माहीत नाही. पुन्हा माफी असेल, नसेलही. तुझा राग गेला असं आता त्यांना कोणी सांगितलेलं नाही, तेव्हा जे असेल ते त्यांचं त्यांचं. पाकीट ते स्वतः चिकटवतील. मी फक्त बाहेर पत्ता घालेन. तुला उघडायचं नसेल तर उघडू नकोस, आणि उघडलंस की नाही ते मला कळवूही नकोस.

माझी पत्रंही आता थांबवते. तू बोलावलंस तर लिहीन.

उद्या: बाबांसाठी जाड काळा मार्कर आणणे.

ताई